मध्ये पडणारा मिलिंद

मिलिंदच्या बायकोचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत, पार्सिपनीला ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. "अनघा, मिलिंदला कुणीतरी गोळी घातली," ती म्हणाली. मागे एक बाई तिला इंग्रजीत खाली बसायला सांगत होती. मी काही विचारायच्या आत वैशाली पुन्हा म्हणाली, "दही आणायला गेला होता गं... नुसतं दही." मग फोन दुसऱ्याच कुणीतरी घेतला आणि मिलिंद एक मारामारी सोडवायला मध्ये पडला आणि गेला, असं मला एका अनोळखी माणसाने सांगितलं.

ॲरिझोनातल्या चँडलरच्या एका दुकानाबाहेर, गाडीचं दार दुसऱ्या गाडीच्या दाराला घासलं म्हणून एक धिप्पाड माणूस एका म्हाताऱ्याला मारत होता. म्हातारा खाली पडला होता आणि तो त्याच्या बरगड्यांत बुटाच्या लाथा घालत होता. भोवती माणसं उभी होती, फोन वर धरून. मिलिंदने दह्याची पिशवी खाली ठेवली, मागून जाऊन त्या माणसाच्या कंबरेला विळखा घातला आणि त्याला मागे ओढलं. तो हिसडा देऊन सुटला, आपल्या ट्रककडे गेला आणि पिस्तूल घेऊन परत आला. म्हातारा वाचला. मिलिंद दोन गाड्यांच्या मधल्या जागेत जागच्या जागी संपला. हे सगळं त्या वर धरलेल्या फोनांमुळे जगाला कळलं, तसंच त्याच्या सतरा वर्षांच्या मुलीला, सुमेधालाही कळलं. तिने तो व्हिडिओ किती वेळा बघितला कोण जाणे.

खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. संताप आला. स्टिअरिंगवर मुठी आपटून मी एकटीच ओरडत होते, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" हे वाक्य मी त्याला आयुष्यात इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्या दिवशीही आपसूकच तोंडातून निघालं. आम्ही दोघं नवीनच अमेरिकेत आलो तेव्हा चँडलरला एकाच इमारतीत राहायचो. तो नागपूरकडचा, मी पुण्याची, त्यामुळे भांडायला विषय शोधावे लागत नसत. पुढे मी न्यू जर्सीत आले, तो तिथेच चिप बनवणाऱ्या कंपनीत राहिला, पण भांडण चालूच राहिलं. साधुसंत वगैरे तो अजिबात नव्हता. टेबल टेनिसमध्ये हरला की बॅट भिंतीवर फेकायचा. एकदा आमच्याकडे आला असताना एडिसनला जेवायला गेलो. हॉटेलच्या मालकाने आत भांडी घासणाऱ्याच्या थोबाडीत मारली, तो आवाज बाहेर आमच्या टेबलापर्यंत आला. पुढच्या क्षणी मिलिंद स्वयंपाकघरात होता आणि मालकाची कॉलर त्याच्या हातात होती. आम्हा सगळ्यांना अर्ध्या जेवणावरून बाहेर काढलं. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

पण मला लिहायचं आहे ते पेरूतल्या ट्रेकबद्दल. मिलिंद, मी आणि आमचा मित्र उदय, असे तिघं गेलो होतो. इंकांनी बांधलेल्या दगडी वाटेने डोंगरामागून डोंगर चढत चार दिवसांनी माचू पिचूला पोचायचं, पुढे गाईड, आणि तंबू-भांडी पाठीवर घेऊन पळणारे पोर्टर. तिसऱ्या दिवशी मिलिंदला विरळ हवा बाधली. तो पाच पावलं चालायचा आणि काठीवर ओणवा व्हायचा. गाईड बाकीच्यांना घेऊन पुढे गेली, आणि तिने आमच्याबरोबर हुस्तिनो नावाचा एक पोर्टर मागे ठेवला. पन्नाशीचा, बुटका, डोक्यावर कान झाकणारी लोकरीची टोपी. मिलिंदचं ॲरिझोनात शिकलेलं मोडकंतोडकं स्पॅनिश आणि हुस्तिनोने चघळायला दिलेली कोकाची पानं, यांच्या जोरावर दोघांची छान गट्टी जमली होती.

दुपारी वाटेत एक उद्ध्वस्त वस्ती लागली. चुन्याशिवाय एकमेकांत घट्ट बसवलेले दगड, आणि मधोमध एक कोरलेला मोठा धोंडा. हुस्तिनोने त्याच्या पायाशी तीन पानं ठेवली आणि काहीतरी पुटपुटला. उदयने पाठीवरच्या पिशवीतून नारळ काढला! कुस्को शहराच्या बाजारातून घेऊन तीन दिवस लपवून आणला होता पठ्ठ्याने. "गडावर पोचलं की नारळ फोडतोच ना यार आपण," तो म्हणाला. मिलिंदने धापा टाकत म्हटलं, "अबे, हा आपला गड आहे का? ठेव तो आत." तोवर उदयने हात उचलला होता. नारळ त्या धोंड्यावर फुटला, पाणी त्या तीन पानांवर सांडलं आणि कोरलेल्या कडेचा एक टवका उडाला.

हुस्तिनोने पाठीवरचं ओझं टाकलं आणि उदयची गचांडी धरून त्याला भिंतीवर आदळलं. एकदा, दोनदा. उदयच्या नाकातून रक्त आलं. मी उदयची पिशवी धरून त्याला ओढायला गेले तर तिचा पट्टाच तुटून माझ्या हातात आला. उदयच्या हातात चालायची काठी होती. तिच्या टोकाचं रबर कधीच गळून पडलेलं, खाली नुसतं पोलादी अणकुचीदार टोक. ती त्याने हुस्तिनोच्या तोंडावर चालवली. सरळ डोळ्यावर. आणि पाच पावलं धड न चालणारा मिलिंद कुठून आला मला अजून कळलेलं नाही, पण काठी लागली ती त्याला. भुवई फाटली, आणि काही कळायच्या आत त्याचं अर्धं तोंड लाल झालं होतं. तशा अवस्थेत त्याने काठी हिसकावून गुडघ्यावर वाकवली आणि ओरडला, "काऊन मारून राहिला बे त्याला? डोळा गेला असता त्याचा!" मग मटकन खाली बसला. हुस्तिनोने स्वतःची टोपी काढली आणि त्याच्या जखमेवर दाबून धरली. रक्त थांबेपर्यंत तो हलला नाही.

गाईड परत आली तेव्हा मिलिंद म्हणाला, "पाय घसरला. पडलो." उदयकडे बोट दाखवून म्हणाला, "हा मला धरायला आला, तोही पडला." मला आश्चर्य वाटलं. तंबूत त्याच्या भुवईवर पट्ट्या चिकटवताना मी म्हटलं, उदयला एवढं पाठीशी कशाला घालतोस? तो म्हणाला, "उदयला कोण घालतं यार? टुरिस्टवर हात टाकला म्हटल्यावर हुस्तिनोला पुन्हा काम मिळेल का?" मग त्याने मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. तो सात-आठ वर्षांचा असताना गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून त्याच्या बाबांना भर चौकात मारलं. काठ्यांनी, पाय मोडेपर्यंत. "मारणारे थोडे होते अनघा. बघणारे अख्खं गाव होतं. माझे मास्तर होते, दुकानवाले काका होते... मारणाऱ्यांची तोंडं मला आठवत नाहीत. बघणाऱ्यांची आठवतात." मी पट्टी चिकटवत राहिले.

दुसऱ्या दिवशी माचू पिचू दिसलं तेव्हा त्याचा एक डोळा सुजून बंद होता. "अर्ध्या तिकिटात बघतोय," म्हणाला. निरोप घेताना हुस्तिनोने ती टोपी त्याच्याकडेच राहू दिली. चँडलरच्या घरी गॅरेजमध्ये एका हुकावर ती टांगलेली असायची, रक्ताच्या काळपट डागासकट. ज्या गावात लोक मार्चपासून एसी लावतात तिथे लोकरीची टोपी! सगळे हसायचे.

अंत्यविधीला मी गेले. बुद्धवंदना झाली, माणसांनी घर भरलं होतं, फक्त सुमेधा कुठे दिसेना. गॅरेजमध्ये होती. बेसबॉलची बॅट घेऊन तिने बापाच्या सगळ्या वस्तू फोडल्या होत्या. माचू पिचूच्या फोटोची काच, टेबल टेनिसचं टेबल, त्याच्या गाडीचे दिवे. टोपी फुटत नव्हती म्हणून जमिनीवर टाकून तिच्यावरच बॅट हाणत होती. "ही डिडन्ट इव्हन नो दॅट मॅन!" ती किंचाळली. "बाबाला आम्ही नव्हतो का, मावशी? का गेला तो?" तिच्या डोळ्यांत दुःखाहून द्वेष जास्त होता, आणि मला भीती वाटली की ही पोर आता जन्मभर बापाचा द्वेष करत राहील.

मी काचांमध्ये बसले आणि तिला सगळं सांगितलं. नारळ, काठी, हुस्तिनो, आणि चौकातले आजोबा. ती टोपी उचलून हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा सेड ही फेल." थोड्या वेळाने, "आजोबांचा पाय... तेपण पडले होते म्हणाला." आणि मग माझ्याकडे रोखून बघत, "आमच्या घरात सगळे नुसते पडतातच, मावशी?"

तेवढ्यात उदय दारात आला. बाहेर तो सगळ्यांना मिलिंदचे किस्से सांगत होता, सख्खा भाऊ गेला म्हणून रडत होता. तिच्या हातातली टोपी त्याला दिसली. "ती काठी मी मारली होती बेटा," एवढंच म्हणाला. सुमेधा उठली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर, खांद्यावर, तोंडावर मारत सुटली. उदय हात खाली सोडून उभा होता. आवाज ऐकून वैशाली धावत आली, मी तिचा दंड धरून तिला थांबवलं. मारता मारताच सुमेधाला रडू फुटलं, बाप गेल्यापासून पहिल्यांदा.

कारण कळलं म्हणून राग जातोच असं नाही. माझा तरी गेलेला नाही. निघायच्या दिवशी गॅरेजमधून बॅग काढताना मी त्या हुकाकडे बघितलं. टोपी परत जागेवर होती. वैशालीने धुवायला घेतली होती, सुमेधाने धुऊ दिली नाही. मला राहवलं नाही, मी मोठ्यानेच म्हणाले, "एकदा... फक्त एकदा बघत उभा राहिला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

सुमेधा माझ्या मागेच होती. तिने टोपी हुकावर नीट सरळ केली, डाग बाहेरच्या बाजूला येईल अशी.

"त्याला नसतं जमलं, मावशी," ती म्हणाली.