चाळीसपैकी अठ्ठेचाळीस

चाळीस गुणांच्या परीक्षेत अठ्ठेचाळीस गुण मिळवणाऱ्या उमेदवाराचा कागद मी स्वतः तपासला आहे. तो उमेदवार माझा मेहुणा होता.

जळगाव पूर्व खानदेशात होते, त्या काळची ही हकीकत. मी तेथील एका शाळेत गणित शिकवीत असे. गावातील एका जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या काट्यावर कारकून हवा होता. जागा एक आणि अर्ज बावीस. मोठे शेठ अशी जागा उमेदवाराचे अक्षर आणि त्याच्या मामाची ओळख पाहून भरीत. धाकटे शेठ मुंबईला शिकून आलेले. त्यांनी कलचाचणी आणली आणि गुण देण्यास मला बोलावले.

"बाविसांत माझा मेहुणा आहे," मी आधीच सांगून टाकले.

"असू द्या, मास्तर. या पद्धतीत तपासनिसाची मर्जी चालतच नाही."

मेहुणा म्हणजे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ वसंता. मॅट्रिक होऊन तीन वर्षे तो धुळ्याला घरीच होता. अमळनेरची एक मुलगी त्याला पसंत होती, मुलीकडची मंडळीही हो म्हणत होती. पण नोकरीवाचून नाही, आणि दिवाळीपुढे थांबणार नाही, असे त्यांनी कळवले होते. परीक्षेपूर्वी महिनाभर मी त्याला आमच्याकडे आणून त्याची तयारी करून घेतली. (तेव्हा तपासनीस मीच होणार हे मला ठाऊक नव्हते, याची नोंद वाचकांनी घ्यावी.)

आता गुण कसे देतात ते नीट समजून घेऊ. प्रश्न चाळीस. प्रत्येकापुढे एका ओळीत चार चौकटी. त्यांतील एकीत पेन्सिलीने खूण करायची. तपासनिसाजवळ एक पुठ्ठा असतो. त्याला प्रत्येक ओळीत बरोबर उत्तराच्या जागी एक भोक. पुठ्ठा कागदावर ठेवायचा, भोकांतून दिसतील तेवढ्या खुणा मोजायच्या, संपले. पुठ्ठ्यासोबत सूचनांचा कागद होता. पहिली सूचना अशी, की पुठ्ठा ठेवण्यापूर्वी उत्तरपत्रिका पाहून घ्यावी आणि एका ओळीत एकाहून अधिक खुणा असल्यास ती ओळ रद्द करावी.

ही सूचना मी गाळली. उत्तरपत्रिका पाहिली तर वसंताची ओळखू येईल आणि मन झुकेल, अशी मला धास्ती होती. म्हणून रविवारी दुपारी मी ओसरीवर डोळे मिटून बसलो. पत्नीने एकेक कागद पुठ्ठ्याखाली सरकवायचा आणि "हं" म्हणायचे. "हं"पलीकडे एक अक्षर बोलायचे नाही, अशी मी तिला सक्त ताकीद दिली होती. पुठ्ठ्याखाली कागद गेला की मी डोळे उघडून मोजत असे. इतका निःपक्षपाती मनुष्य खानदेशात दुसरा नसावा, असे मला त्या दुपारी मनापासून वाटले.

एकवीस, सव्वीस, एकोणतीस. काम सुरेख चालले होते. सतरावा कागद आला.

"अठ्ठेचाळीस," मी म्हणालो.

"चाळिसापैकी?" पत्नीने ताकीद मोडली.

मी पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा खालून वर मोजले. मग, जे आरंभीच करायला हवे होते ते केले: भोके मोजली. तीही अठ्ठेचाळीस. त्यांतल्या आठांच्या कडा तपकिरी, जळलेल्या. (आदल्या दिवशी पुठ्ठा ताब्यात घेताना मी त्याची लांबी-रुंदी मोजली होती. भोके मोजली नव्हती.)

माझी थोरली बहीण अक्का तेव्हा आमच्याकडे राहत असे. रांगोळीचे ठिपके सारख्या अंतरावर पडावेत म्हणून बायका कागदाला उदबत्तीने भोके पाडून ठेवतात, त्या कामात अक्काचा हात धरणारे आळीत कोणी नव्हते.

"अक्का, या पुठ्ठ्याला तू हात लावलास?"

"मग? कोनी करं हाई? बठ्ठं, सारं वाकडं शे. इकडे चार, तिकडे एक. मी नीट करी दिधं."

"अगं, ती उत्तरं होती."

"उत्तरं असोत नाहीतर प्रश्न. दोन्ही बाजू जुळाया नकोत का?"

अक्काची आठ भोके समजली. पण बाकीची चाळीस? चाळीसही बरोबर कशी? मी पुठ्ठा उचलला. प्रत्येक ओळीत चारही चौकटींत ठसठशीत खुणा होत्या. एकशे साठ! खाली सही वसंताची.

"तुला हे दिसलं नाही?" मी पत्नीला विचारले.

"दिसलं. तुम्ही बोलू नको म्हणालात."

म्हणजे अक्काने उदबत्ती लावली नसती, तर मी माझ्याच मेहुण्याला पैकीच्या पैकी देऊन, मान ताठ ठेवून, कारखान्यात गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी वसंताला घेऊन धाकट्या शेठकडे गेलो आणि सर्व सांगितले. ते वसंताकडे वळले.

"एकच खूण करा, असं वर छापलं होतं ना?"

"होतं, शेठ. पण दाजींनी महिनाभर बजावलं, की येत नसलं तरी काहीतरी लिहून ठेव. कोऱ्या कागदाला तपासणारा गुण कुठून देईल? मला वाटलं, माझं उत्तर चुकलं तरी चारांत एक तर बरोबर असेलच. दाजी चौदा वर्षं पेपर तपासतात. छापणाऱ्याचं काय घेऊन बसता?"

धाकट्या शेठनी बावीसही कागद स्वतः, कोऱ्या पुठ्ठ्याला नवी भोके पाडून, तपासले. वसंताचे गुण शून्य. मात्र चूक शिकवणाऱ्याची, असे ठरवून पहिल्या तिघांबरोबर वसंतालाही त्यांनी दुसरी, निराळ्या प्रश्नांची चाचणी देऊ केली.

"आणि मास्तर, तुम्हीही बसा. एकदा या बाजूनं पाहा."

मी आनंदाने बसलो. चाळीस मिनिटांचा वेळ होता. मी प्रत्येक उदाहरण समासात सोडवले, ताळा घेतला, मग खूण केली. घंटा झाली तेव्हा मी बाविसाव्या प्रश्नाची खूण नुकतीच केली होती.

गुण तिथेच सांगितले. वसंता एकतीस, म्हणजे पहिला. ते तिघे तीस, अठ्ठावीस, सत्तावीस. मी बावीस.

"सोडवलेले बाविसच्या बावीस बरोबर आहेत," मी नम्रपणे निदर्शनास आणले.

"आहेत, मास्तर. पण काट्यापुढे कापसाच्या गाड्या उभ्या असतात. बैल ताळा होईपर्यंत थांबत नाहीत."

घरी पत्नी दारातच उभी होती.

"वसंताचं काय झालं?"

"पहिला आला. नोकरी मिळाली."

तिने डोळे पुसले. मग माझ्याकडे नीट पाहिले.

"तुम्हीही बसणार होतात ना? तुमचं काय झालं?"

मी त्या जागेसाठी अर्जच केलेला नव्हता, हे मी तिला मुद्देसूद समजावून सांगितले.