किसनभाऊचं घोरणं

शिलाई मशीनखाली चिंध्या साचतात, त्याहून जास्त किस्से अकोले गावच्या स्टँडवरच्या माझ्या दुकानात साचले. निम्मे एकट्या किसनभाऊचे! बहात्तरच्या दुष्काळाआधीचं सांगतो. भाऊ भंडारदऱ्याच्या रस्त्याला जीप चालवायचा. देह पैलवानी, मन लोण्याचं. दुपारी माझ्या बाकड्यावर आडवा झाला की घोरणं सुरू. एका गिऱ्हाइकाने तर विचारलं, "टेलर, पिठाची गिरणी कधी टाकली?"

*

एकदा घोरणं मध्येच थांबलं. श्वासच बंद! ब्लाउज शिवायला आलेल्या बाईंनी किंकाळी फोडली. तेवढ्यात मोठा आचका देऊन भाऊ उठून बसला. "काय झालं? कोण गेलं?"

"तूच गेल्तास!" मी म्हणालो.

*

मग एक दिवस भरदुपारी स्टिअरिंगवर डुलकी लागली आणि जीप भातखाचरात उतरली. कपड्यांना चिखल लागला, बाकी कुणाला काही लागलं नाही. भाऊ मात्र रडला. किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "माणसं माज्या भरवशावर बसत्यात. मी मागितली तरी देऊ नको."

*

त्याचे चुलते घशाच्या कॅन्सरने गेलेले. आपलंही तेच, असं त्याने मनात धरलं. मी त्याला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे बाकावर बसल्या बसल्या भाऊ झोपला! नाव पुकारलं. मी त्याला हलवायला लागलो, तर डॉक्टरच बाहेर येऊन घड्याळ धरून उभे. "उठवू नका. तपासणी चालू आहे!"

घसा स्वच्छ निघाला. तरी भाऊने विचारलं, "सायेब, असा श्वास अडकून अडकून पुढं कॅन्सर व्हईल का?"

"ते आज कुणालाच ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू? पण श्वास अडकतोय, त्याचा इलाज करू. वजन उतरवा, कुशीवर झोपा. नाहीच जमलं, तर श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागेल."

"त्यापरीस भात सोडतो!"

*

डॉक्टरांनी सांगितलं तसा मी बंडीला पाठीवर खिसा लावला, आत रबरी चेंडू. उताणा झाला की चेंडू रुतणार! सहा महिन्यांत भाऊ निम्मा झाला. वहिनी पेढे घेऊन आल्या. "भावजी, आता दिवसा डोळा लागत न्हाई त्यांचा." डॉक्टरांनीही होकार दिला, तेव्हा मी किल्ली परत केली.

*

पुढच्या उन्हाळ्यात तेच डॉक्टर धरण बघायला आले. जीप अर्थातच भाऊची. संध्याकाळी त्यांना सोडून भाऊ दुकानात आला. चेहरा गंभीर.

"एक बंडी शिव. मागं खिसा."

"अरे, तुला चार दिल्यात की!"

"मला न्हाई. डॉक्टरसायबाला."