शेजारच्या खाटेवरचं दूध

बाळंतपणाच्या वॉर्डात वसुधा माझ्या शेजारच्या खाटेवर होती. तिने काढून ठेवलेल्या दुधावर दुपारी पिवळसर दाट थर दिसायचा. माझी वाटी जेमतेम ओली व्हायची.

"डिंकाचे लाडू तर मीही खाते," मी नर्सताईंना म्हटलं. "मग माझं तूप जातं कुठे?"

त्या हसल्या. "तूप पाण्यात मिसळत नाही, तसं रक्तातही मिसळत नाही. म्हणून शरीर त्याचे बारीक थेंब करतं, त्यांना प्रथिनांचं वेष्टन घालतं आणि रक्तातून पाठवतं. काही अंगावर साठतात, काही दुधात उतरतात. तुमचेही उतरतील, धीर धरा."

धीर कुठून आणायचा? वसुधाच्या अंगातल्या थेंबांना लेकीच्या तोंडापर्यंतची वाट कशी अचूक सापडत होती! माझे मात्र कुठल्याशा वळणावर मुक्काम ठोकून बसले होते. तिने घास घ्यावा आणि तिच्या पोरीने बाळसं धरावं. मला तर तिचं जेवणसुद्धा बघवेना.

संध्याकाळी माझा मुलगा रडून रडून थकला, तेव्हा तीच म्हणाली, "अगं, माझ्याकडे उरतंय. डॉक्टरांना विचारून देऊ का?"

डॉक्टर हो म्हणाले. चमच्या-चमच्याने तो मिटक्या मारत प्यायला आणि शांत झोपला. मी वसुधाचे आभार मानले, अगदी मनापासून. मग त्याचे ओठ पुसताना माझ्या बोटाला किंचित ओशट लागलं, आणि ते बोट मी पदराला पुन्हा पुन्हा घासत राहिले.