दादाची टोपी आणि अमझेऱ्याचं औषध

हसायचं तर हसा, पण त्या लाल भवऱ्यापायी माझी जी फजिती झाली ना, ती दुश्मनाचीही न होवो!

आम्ही देवासचे. माझा दोस्त गोप्या एक दिवस भवरा नाचवत म्हणाला, “भिया, हिम्मत असेल तर तुझ्या दादाची टोपी त्याच्या डोक्याला चिकटवून दाखव. भवरा तुझा!”

“बस, इतकंच?” मी म्हणालो. अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे!

दादा चोवीस वर्षांचा, पण कपाळ पार शेंडीपर्यंत पोचलेलं. आई म्हणायची, जागरणानं केस गेले. बाबा म्हणायचे, उन्हानं. दादा विहिरीच्या पाण्याला शिव्या द्यायचा. एरंडेल झालं, कांद्याचा रस झाला. उगवतंय कशाचं!

मी पतंगाचा डिंक घेतला, त्यात काकवी कालवली. “दादा, अमझेऱ्याच्या साधूबाबांचं औषध! लावायचं, वर टोपी दाबायची, दिवसभर काढायची नाही.”

मला वाटलं, लगेच लावेल. पण पठ्ठ्यानं बाटली जपून ठेवली! रविवारी धारला मुलगी बघायला निघालो, तर मोटारीत माझ्या कानात म्हणतो, “सकाळीच लावलंय रे. काय खेचतंय! केस फुटताहेत वाटतं!”

मी आपला खिडकीबाहेरची झाडं मोजायला लागलो!

मुलगी पसंत पडली. तिचे वडील म्हणाले, “चला, पानं वाढलीत. सोवळं नेसा, टोप्या काढा.”

दादानं टोपी ओढली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. भुवया वर गेल्या, टोपी तिथंच!

“माझी राहू द्या...”

“राहू द्या कशी? डोक्याला खरूज-बिरूज आहे का? मग आधी सांगायचं ना!”

मुलीची आत्या दादाचं पान उचलायला लागली. बाबांनी मान खाली घातली. दादाचे तर डोळेच भरले. जमलेलं लग्न मोडत होतं हो, माझ्यामुळं!

“खरूज नाही, काका!” मी ओरडलो. “डिंक आहे! मीच दिला. एका भवऱ्यासाठी!”

दाराआडून मुलीचं हसू फुटलं. आणि तेव्हा कुठं मी पंगतीकडे नीट पाहिलं. मुलीचे वडील, तिचे दोन काका, सगळी डोकी घासलेल्या तांब्यासारखी लखलखीत!

“अहो जावईबापू, आमच्यात कसली लाज?” वडील स्वतःच्या टकलावर हात फिरवत म्हणाले. “इथं केस आहेत ते फक्त या कार्ट्याला. बोलवा न्हाव्याला!”

न्हाव्यानं आधी दादाची टोपी कातरली. मग मला धरलं. शेंडी तेवढी ठेवून चकोट!

दादाचं लग्न ठरलं. भवरा मी जिंकला. फक्त द्यायच्या आधी गोप्यानं तो एकदा फिरवून घेतला, माझ्या टकलावर, शेंडीशेजारी!