धाकटीने लवकर सुटू नये म्हणून

मोठ्या सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या या बाईला सगळे मावशी म्हणतात. वॉर्डबॉय म्हणतात, मुकादम म्हणतो, आणि तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या बायकाही म्हणतात. खरी भाची मात्र तिला एकच आहे. धाकट्या बहिणीची मुलगी, शाळेच्या शेवटच्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी.

मावशीचा स्वभाव एका शब्दात सांगता येतो, आणि तो शब्द ती स्वतःच दिवसभर उच्चारत असते: "बरं." पाळी बदलली, बरं. रजा नामंजूर, बरं. नवरा दुसरीकडे संसार थाटायला निघाला तेव्हाही ती "बरं" म्हणाली होती, आणि त्याचे शर्ट इस्त्री करून दिले होते.

धाकटी नेमकी उलट. तिची जीभ आधी चालायची आणि मग हात. कारखान्यातल्या सुपरवायझरने पगार कापला तेव्हा तिने गोदामाचं कुलूप त्याच्या डोक्यात घातलं. सुपरवायझर वाचला, धाकटी आत गेली.

मुलीची फी एका संस्थेने उचलली. तुरुंगातल्या मातांच्या मुलांना शिकवणारी ही संस्था, आणि तिच्या पाठीशी मोठमोठे देणगीदार. शाळा, वसतिगृह, वह्या, दप्तर, सगळं आलं. दप्तरावर संस्थेचं नाव एवढ्या ठळक अक्षरांत होतं की पोरीने पहिल्याच दिवशी ते उलटं करून आतली बाजू बाहेर घेतली. तक्रार तेवढीच. बाकी सगळं सुरळीत चाललं होतं, आणि ते बिघडलं एका चांगल्या बातमीने.

संस्थेची कार्यकर्ती, जिला सगळे ताई म्हणत, हसतमुखाने धुलाईघरात आली.

"मावशी, अभिनंदन! धाकटीचं वागणं इतकं चांगलं आहे की शिक्षेत सूट मिळतेय. पुढच्या महिन्यात बाहेर!"

"बरं," मावशी म्हणाली. मग जरा थांबून, "आणि पोरीची फी?"

ताईचं हसू किंचित आखडलं. "ती थांबते. योजना आई आत असलेल्या मुलांसाठी आहे ना. आई घरी आली की मूल सुखात आहे असं धरतात."

"कोण धरतं?"

"देणगीदार."

"परीक्षा होईपर्यंत तरी..."

"मी विचारलं वर. सुटून आलेल्या आयांसाठी वेगळी योजना विचाराधीन आहे म्हणाले." ताई वाईट बाई नव्हती. हे सांगताना ती चादरींच्या ढिगाकडे बघत होती.

मावशीच्या पगारात खोलीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण बसत होतं. सुपरवायझरच्या डोक्यात कुलूप घालून आत गेलेल्या बाईला बाहेर आल्यावर कोण काम देणार होतं?

धुलाईघरात मोठ्या चादरी दोघींनी मिळून घडी करायच्या असतात. टोकं धरायची, लांब जायचं, जवळ यायचं. मावशीच्या जोडीला जी बाई होती तिला सगळे रेडिओ म्हणत. घडीगणिक एकेक वाक्य अशी त्यांची बोलणी चालत.

"सोपं आहे," रेडिओ जवळ आल्यावर म्हणाली. "तिला म्हणावं, जरा वाईट वाग."

लांब. पुन्हा जवळ.

"अगं काहीतरीच!"

"काहीतरीच काय? चांगलं वागल्याने पोरीची शाळा जातेय. मग वाईट वाग. सरळ हिशेब."

मावशी तीन दिवस त्या हिशेबात चूक शोधत होती. सापडली नाही.

भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे धाकटी येऊन बसली. केस चापूनचोपून बांधलेले, आवाज खाली. मावशीने सगळं सांगितलं आणि शेवटी, जन्मात पहिल्यांदा, कुणाकडे तरी काहीतरी मागितलं.

"म्हणजे मी भांडू?" धाकटी म्हणाली.

"थोडंसं."

"थोडंसं भांडण मला कधी जमलंय?"

मुद्दा बिनतोड होता. धाकटी रंगात आली तर नवा खटला होऊन आणखी चार वर्षं वाढायची.

"लवकर सुटावं म्हणून जीभ चावत बसलेय इथं," धाकटी म्हणाली. "पोरीसाठी. आणि आता तिच्यासाठीच ती मोकळी सोड म्हणतेस. बघते काय करायचं ते."

आठवड्याने तुरुंगाच्या सभागृहात संस्थेचा वार्षिक कार्यक्रम झाला. पुढच्या रांगेत देणगीदार, खुर्च्यांना पांढरी आवरणं. आवरणं इस्पितळाकडून एका दिवसापुरती मागून आणलेली, आणि त्यांवरची इस्त्री मावशीच्याच हातची. मागे घरची माणसं, त्यांच्या खुर्च्या उघड्याबोडक्या. मावशी आणि भाची तिथे. आभार मानायला आदर्श बंदिनी म्हणून धाकटीची निवड झाली होती. भाषण ताईने लिहून दिलं होतं.

पहिल्या दोन ओळी धाकटीने लिहून दिल्या तशाच म्हटल्या. मग ती थांबली.

"मला एक विचारायचंय. मी आत आहे तोवर माझी मुलगी शिकते. मी बाहेर आले की तिची शाळा बंद. तर साहेब, मी राहू कुठं?"

मग पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळे टिपले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या.

"टाळ्या नकोत," धाकटी म्हणाली. "उत्तर द्या."

टाळ्या वाढल्या. कुणीतरी माइक बंद केला. धाकटीला माइकची गरज कधीच नव्हती. "उत्तर द्या की!" शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. पहारेकरीण दंड धरून तिला खाली उतरवायला आली, धाकटीने हात झटकला. तेवढंच. मारामारी नाही, शिवी नाही, नुसता हात झटकला. तिच्या हिशेबाने हे खरोखरच थोडंसं होतं.

तेवढं पुरलं. शिस्तभंग म्हणून सूट रद्द झाली, सुटका परीक्षेच्या पुढे गेली आणि फी चालू राहिली. संस्थेच्या वार्षिक पुस्तिकेत धाकटीचा तोंड उघडलेला, हात वर झालेला फोटो छापून आला. खाली ओळ होती: 'कृतज्ञतेने भारावलेली एक माता.'

मावशी बातमी सांगायला वसतिगृहात गेली. भाची पायरीवर बसून ऐकत होती.

"मुद्दाम केलं ना तिने?"

"विचारायचं होतं ते विचारलं."

"तू सांगितलंस तिला?"

इथेही "बरं" म्हणून भागलं असतं तर मावशी म्हणाली असती. "हो," ती म्हणाली.

पोरगी बराच वेळ चपलेचा पट्टा ओढत राहिली. "म्हणजे आता मला नापास व्हायची सोय नाही."

"नाही."

"मावशी, मी गणितात कच्ची आहे. फार कच्ची."

"माहितेय मला."

"आईला?"

"तिला सांगू नकोस," मावशी उठत म्हणाली. "ऐकलं तर ती आतून तुझ्या मास्तरांशी भांडायला निघेल. चल, वही आण. मला त्यातलं काही कळत नाही, पण तू सोडवेपर्यंत मी इथून हलत नाही."

भाची "बरं" म्हणाली नाही. तिने तोंड वाकडं केलं, आईसारखं, आणि वही आणायला आत गेली.