डाव्या पायाचा बूट

कल्याणचा आमचा मोटार मिस्त्री दहाही बोटं पुसल्याशिवाय उत्तर देत नाही. वर्षात तिसऱ्यांदा क्लच जळला तेव्हा मी वैतागून म्हणालो, "शर्यतीतल्या मोटारी एवढ्या पळवतात, त्यांना काही होत नाही."

त्याने बोटं पुसली.

"साहेब, मी त्यांच्यावर काम केलंय. एक शर्यत झाली की गिअरबॉक्स खोलून टेबलावर. तुमची गाडी वर्षानुवर्षं न खोलता टिटवाळ्याला जायला हवी. आणि तुमचा पाय क्लचवरून उठत नाही."

एवढं बोलून त्याने माझा डावा बूट ठेवून घेतला. "अनवाणी चालवा, पायाला कळेल."

त्या दिवशी ठाण्याच्या कचेरीत मी एका बुटाने गेलो.

क्लच पुन्हा जळला नाही. बूट मात्र अजून त्याच्या फळीवरच आहे. मागितला, की तो सावकाश बोटं पुसायला घेतो.