तांबडीच्या घळीतला बेडूक

कुशाबा ढेब्याच्या घरात माणसाला टेकायला जागा मिळायची नाही, पण दगडाला मिळायची. ओटीवर हिरवट गारगोट्या, देवळीत सुयांसारखे पांढरे स्फटिक, चुलीमागे काळ्या पापुद्र्यांच्या पाट्या. पोलादपूरहून एसटी जिथवर येते तिथून पुढे दीड तास चढलं, की ही बारा घरांची धनगरवाडी लागते. एवढ्या चढावर माणसं मीठमिरची नि तेल वाहून नेतात. हा गडी दिवसभर म्हशींमागं हिंडून संध्याकाळी घोंगडीच्या खोळीतून दगड आणायचा. वाडी त्याला तोंडावर दगडोबा म्हणायची. त्याचं त्याला काही वाटायचं नाही, बयाबाईला मात्र वाटायचं.

"लोकांचे घो जत्रंतनं बांगड्या आनतात," ती म्हणायची. "माझा धोंडं आनतो."

कुशाबा चौथीपर्यंत शिकलेला. पण डोळा असा, की दोन पावलांवरून काळ्या पाटीतली पानाची शीर त्याला दिसायची. तांबडीच्या घळीत, खालचा कातळ आणि वरचा कातळ यांच्यामध्ये हातभर जाडीचा काळा थर होता. त्या थराच्या पाट्या कोयत्यानं अलगद उकलल्या की आत पानं निघायची, शेंगदाण्याएवढ्या गोगलगायी निघायच्या. खाली कातळ, वर कातळ, मध्ये चिखल. म्हणजे कधीतरी इथं डबकं होतं, हे त्यानं कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. कॉलेजात तीन वर्षं बसून पोरं जिथं पोचतात, तिथं हा म्हशी राखता राखता पोचला होता. पण सांगणार कुणाला? म्हशी ऐकून घेतात, हो म्हणत नाहीत.

त्या काळ्या पाट्यांची एक खोड होती. घरात आणून वाळल्या की त्यांचे पापुद्रे सुटायचे आणि दोन पावसाळ्यांत भुगा व्हायचा. कुशाबाची कितीतरी पानं अशी केरसुणीबरोबर अंगणात गेली. टिकला तो एकच दगड, बेडकाचा. करंगळीएवढा बेडूक, पाय दुमडलेले, बोटाचं बारीकातलं बारीक हाड जागच्या जागी. बयाबाई त्याला शेंदूर लावायला निघाली होती, तेव्हा कुशाबा जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. मग त्यानं तो फडक्यात बांधून नाचणीच्या कणगीत ठेवला. नाचणीत ओल लागत नाही आणि ऊनही लागत नाही, म्हणून तो अकरा वर्षं जसाच्या तसा राहिला.

वाडीच्या शाळेतल्या हर्षद गुरुजींनी एकदा त्या बेडकाचा मोबाइलवर फोटो काढून पुण्याला कुणाकुणाला धाडला. आठ दिवसांत सारिका नावाची बाई वाडी चढून आली. एका संस्थेत जुन्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करणारी, वय तिशीच्या आसपास. ती कुशाबाच्या ओटीवर शेणानं सारवलेल्या जमिनीवर पालथी पडली आणि अर्धा तास भिंगातून बेडूक बघत राहिली. उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. कुशाबाच्या दगडाकडं बघून कुणी हसलं नाही, असं तीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं बेडूक फडक्यासकट तिच्या हातात दिला.

"न्या," तो म्हणाला. "हितं ठेवून माझ्या मागं कोन बघनार हाय?"

"बाबा, हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे," ती म्हणाली. "संग्रहालयात राहील, खाली तुमचं नाव लागेल. ही जात नवी निघाली तर तिलाही तुमचं नाव देता येईल. पण एक गोष्ट लागते. दगड नेमका कुठल्या थरातून निघाला ते दाखवावं लागेल. ठिकाण कळलं नाही तर शास्त्राला त्याचा उपयोग नसतो. कुठं सापडला?"

"उंबराच्या व्हाळात," कुशाबा म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आपण काय बोललो ते.

आता हे खोटं त्यानं का सांगितलं, तर त्याला खोटं म्हणणंही जड जातं. तांबडीची घळ रावजी मोऱ्यांच्या डोंगरात. रावजी खालच्या गावचा जमीनवाला. त्याच्या वडलांनी एका उन्हाळ्यात वाडीच्या चौदा म्हशी त्या डोंगरातून हाकून नेऊन कोंडवाड्यात घातल्या होत्या. तेव्हा दोन म्हशी दगावल्या. पण चैत्र-वैशाखात पाणी असतं ते त्याच घळीत, दुसरीकडं कुठं नाही. म्हणून वाडीनं तिथं जायचं सोडलं नाही, सांगायचं सोडलं. खालच्या माणसानं विचारलं, गुरं कुठं असतात, की पलीकडच्या अंगाचं नाव घ्यायचं. वाडीतलं पोर बोलायला लागलं की आधी हे शिकायचं. एकदा गुरांना लस टोचायला आलेला डॉक्टर बिचारा दिवसभर पलीकडच्या डोंगरात फिरला आणि सुया तशाच घेऊन परत गेला. पँट घातलेल्या माणसानं "कुठं" म्हटलं की कुशाबाची जीभ आपोआप उंबराच्या व्हाळाकडं, त्या पलीकडच्या ओढ्याकडं वळायची. साठ वर्षांची सवय ती.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. पण गुरुजी शेजारी बसलेले, आणि गुरुजी रावजीच्या गावचे. बाईंनी ते नाव वहीत लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, बाई चार जणांना घेऊन आल्या. सोबत त्यांचे वरिष्ठ सर आणि परवानगीच्या कागदापायी वनखात्याचा गार्ड. "चला बाबा, दाखवा," म्हणाल्या. आणि कुशाबानं, देव त्याचं भलं करो, त्या सगळ्यांना उंबराच्या व्हाळात नेलं.

तीन दिवस ती माणसं तिथं हातोडे मारत होती. उंबराच्या व्हाळात काळा कातळ, त्याखाली काळा कातळ आणि आणखी खाली तोच. कुशाबा त्यांना हंड्यानं पाणी वाहून आणत होता. जी बाई ओटीवर पालथी पडली होती तिच्या तळहाताला फोड आले, तेही त्यानं बघितले. दर खेपेला तो ठरवायचा की आता सांगतो, आणि दर खेपेला गार्डची टोपी समोर यायची; त्याला कळलं की रावजीला कळणार. बारा घरांच्या म्हशी एका बाजूला, बेडूक एका बाजूला. भित्रा म्हणा हवं तर. त्याच्या जागी उभं न राहता म्हणणं सोपं आहे.

"सांगू का गो?" त्यानं तिसऱ्या दिवशी घरी येऊन बयाबाईला विचारलं.

"सांगा की," ती म्हणाली. "आनि चैतात म्हशींस्नी पानी कुटं पाजायचं, तेबी त्या बाईलाच इचारा."

तो गेला नाही.

सर जाता जाता ओटीवर टेकले. चहा घेताना सहज बोलावं तसं विचारलं, "मुलं काय करतात?"

"येकच हाय, सुनील. मुंबईस पोकलेन चालवतो. टावरचं पाये खनतो."

सरांनी बाईंकडं पाहिलं. असे बेडूक मुंबईच्या पोटात पूर्वी निघालेले होते, हे त्या दोघांना ठाऊक होतं, कुशाबाला नव्हतं. त्यांची मान जरा हलली आणि कप खाली ठेवला गेला. पुढं आठवड्यानं हर्षद गुरुजींनी खाली मान घालून सगळं सांगितलं. मुलानं मुंबईत पाया खणताना निघालेला दगड घरी आणला असावा आणि बापानं तो आपला म्हणून दिला असावा, असं सरांचं मत पडलं होतं. बेडूक संग्रहालयाच्या कपाटात गेला होता, पण मांडणीत नाही, आतल्या खणात. चिठ्ठीवर लिहिलं होतं, प्राप्तिस्थान अनिश्चित. कुशाबाचं नाव लिहिलेलं नव्हतं.

कुशाबा म्हशींमागं गेला आणि संध्याकाळी रिकाम्या खोळीनं परत आला. आपण खोटे ठरलो हे त्याला सोसलं असतं, आपण खोटं बोललोच होतो. पण पोरगाही चोर ठरला. सुनीलनं कधी बापाच्या दगडाला हातसुद्धा लावला नव्हता, उलट त्याला त्यांची लाज वाटायची.

मग त्यानं मनाशी एक मुदत घातली. एवढा उन्हाळा जाऊ दे. म्हशींचं पाणी भागलं की दिवाळीत बाईंना बोलवायचं, तांबडीच्या घळीत न्यायचं, थरावर हात ठेवून सांगायचं की इथून निघाला. तोवर वाडीसाठी दुसरं काही बघू. माणूस मोठा हिशोबी होतो, उशीर करायचा असला की.

एकवीस सालचा तो जुलै कुणाला सांगायला नको. खाली महाड पाण्यात होतं, दासगावपर्यंत सगळं एक झालं होतं, आणि वर डोंगर सुटत होते. माणसं गेली, घरंच्या घरं गेली. कुशाबाच्या वाडीचं नशीब म्हणून वाडी राहिली. पाऊस थांबल्यावर तो तांबडीच्या घळीकडं गेला, तर घळ नव्हतीच. वरचा सगळा उतार झाडांसकट खाली आला होता आणि माडभर उंचीचा लाल चिखल नि धोंडे तिथं बसले होते. झरा कुठं गेला ते कळत नव्हतं. ज्या पाण्यासाठी तो गप्प राहिला ते पाणीही त्याखालीच गेलं. माणसं गेली तिथं आपण एका थरासाठी रडावं का, असं त्याला वाटलं, आणि तरी तो रडला.

दिवाळीनंतर त्यानं गुरुजींच्या फोनवरून बाईंना बोलावलं. बाई एकट्याच आल्या. ढिगाऱ्यासमोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, कोंडवाड्यापासून उंबराच्या व्हाळापर्यंत. त्या एका धोंड्यावर बसल्या.

"फेब्रुवारीत का नाही सांगितलंत, बाबा?"

"गार्ड व्हता ना संगं."

"माझ्या कानात सांगायचं होतंत. मी रात्री एकटी आले असते."

असंही सांगता येतं, हे कुशाबाला सुचलंच नव्हतं.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "पण कागदावर आता तुमच्या दोन जागा झाल्या. पहिली खोटी ठरली आणि दुसरी कुणाला दिसणार नाही. हा ढिगारा एका बेडकासाठी कोण उपसणार? मी लिहीन. सर काय म्हणतील ते तुम्हालाही ठाऊक आहे. लिहायचं तर डोंगराचं आणि मालकाचं नाव मात्र घालावं लागेल. घालू?"

"घाला," कुशाबा म्हणाला. आता लपवायला उरलं होतं काय?

पण रावजीच्या हातात कागद पडण्याआधी आपल्या तोंडानं सांगितलेलं बरं, वाडीवर राग नको, म्हणून तो दुसऱ्या दिवशी खाली उतरला. रावजी ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. कुशाबा अंगणातच वहाणा काढून वाकला.

"दादा, चुकी झाली. आमी तुमच्या डोंगरात म्हशी पाजीत व्हतो. तांबडीच्या घळीत. माझ्या बापापास्नं."

रावजीनं अडकित्ता बाजूला ठेवला.

"अरे, उठ आधी. मला काय ठाव नाय व्हय? तुझी येक म्हैस त्या घळीच्या कड्यावनं पडली तवा मी समोरच्या बांधावर उभा व्हतो. आमचं बाबा गेलं त्या वर्साला मीच म्हनलं, त्यांनी केलं ते केलं, आपन मुक्या जनावराच्या पान्यावरनं भांडायचं नाय. पंचवीस वर्सं बघतोय तुमास्नी चोरून येताना."

"मंग बोललाव का नाय कधी?"

"तू तरी कुटं इचारलंस?" रावजी म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, सरळ मनानं बोलत होता तो. "त्या शहरातल्या मंडळींस्नी घेऊन तू उंबराच्या व्हाळात बसलेलास, तेबी बघितलं मी. मनात म्हनलं, तितं तर नुसता कातळ, ह्यो तितं काय दावतोय? पन शास्तराचं आपल्याला काय कळतं, म्हनून गप बसलो. बस. च्या घे."

कुशाबा चहाला थांबला नाही. रावजी भडकला असता, शिव्या घातल्या असत्या, म्हशी कोंडवाड्यात घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. निदान भ्यायलो ते खऱ्याला भ्यायलो, एवढं तरी पदरात पडलं असतं. तसाच तो वाडी चढला.

बयाबाई दारातच उभी होती. "काय म्हनाला रावजी?" तिनं विचारलं.

"कायबी म्हनाला नाय," कुशाबा म्हणाला. "त्यो कधीच कायबी म्हननार नव्हता."